लढतीला उभं राहण्याआधी

मानाजी जगदाळे या माणसाचा मी अकरा वर्षं मत्सर केला. अधूनमधून नव्हे, नेमानं केला. लोक सकाळी उठून प्राणायाम करतात; मी जगदाळ्यांबद्दल दोन वाईट विचार करायचो आणि मग चहा घ्यायचो. गेल्या हिवाळ्यात ते गेले. तेव्हापासून माझी मुलगी मुग्धा फोनवर सारखी म्हणते आहे, "बाबा, काकांवर तुम्हीच लिहा ना. तुम्ही किती ध्यान दिलंय त्यांच्याकडे!" ध्यान दिलं हे खरं आहे. शेजारच्याच्या घराला नवा रंग लागला की आपण देतो, तसं दिलं.

मी सप्रे. ग्वाल्हेरला हरिशंकरपुरममध्ये एका मिठाईच्या दुकानावर हॉल आहे, तिथे कराटेचा क्लास चालवतो. आमचे पूर्वज दरबारात दफ्तर सांभाळायचे. घराण्यात हात उगारणारा मीच पहिला, आणि तोही फी घेऊन.

कराटेत दोन गोष्टी असतात. एक काता, म्हणजे ठरलेल्या क्रमानं एकट्यानं करायच्या हालचाली. समोर कोणी नसतं. दुसरी कुमिते, म्हणजे समोर जिवंत माणूस उभा करून लढायचं. मुलाचं नाव घालायला आलेली प्रत्येक आई पहिला प्रश्न एकच विचारते, "सर, फाइट कब से?" माझं उत्तर ठरलेलं होतं. तीन महिने काता, मग फाइट. तीन महिन्यांमागे शास्त्र वगैरे काही नव्हतं. चौथ्या महिन्यात पोरं कंटाळतात आणि हिवाळ्यात जिल्ह्याच्या स्पर्धा असतात, एवढंच.

जगदाळ्यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते एका शाळेच्या सभागृहात. गावातल्या खेळशिक्षकांची बैठक होती आणि विषय होता, मुलांना लढत केव्हापासून शिकवावी. मला मुख्य वक्ता म्हणून बोलावलं होतं. मी प्रोजेक्टर लावून पाऊण तास बोललो. कोणत्या वयात हाडं किती कोवळी असतात, लक्ष किती मिनिटं टिकतं, सगळं रंगीत तक्त्यात घालून नेलं होतं. मला स्वतःलाच माझं भाषण आवडत होतं. ते संपल्यावर प्राचार्यबाई म्हणाल्या, "बिर्ला नगरातले जगदाळेकाकाही आलेत. लाठी शिकवतात. त्यांनी दोन शब्द बोलावेत."

शेवटच्या रांगेतून एक काटकुळा माणूस उठला. साठीचा असेल. खाकी पँट, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, डाव्या मनगटावर किल्ली द्यायचं जुनं घड्याळ. माइकपर्यंत यायचे कष्टही त्यानं घेतले नाहीत.

"मी काय सांगू? सप्रेमास्तरांनी सगळं सांगूनच दिलंय. माझ्याकडे तक्ता-बिक्ता नाही. पैंतरा करताना पोरगं चुकतं. चुकतंच. ज्या दिवशी ते आपणहून सांगेल ना, की काका, चुकलं, त्या दिवशी त्याला लढतीला उभं करायचं. मग ते सात वर्षांचं असो की सत्तरचं. बस."

आणि ते खाली बसले. लाठीतल्या पायांच्या ठरलेल्या चालीला आपण पवित्रा म्हणतो. ते हिंदीच्या वळणानं पैंतरा म्हणत. टाळ्या सुरू झाल्या आणि बराच वेळ थांबेनात. चहाच्या वेळी सगळी बैठक समोसे हातात घेऊन त्यांच्याभोवती गोळा झाली. मी प्रोजेक्टरची वायर गुंडाळत होतो.

जगदाळ्यांचं नई सडकवर दुकान होतं. दुकान कसलं, दोन दुकानांमधली फट होती. तिथे बसून ते शिंप्यांच्या कात्र्यांना धार लावून देत. त्यांचे पणजोबा शिंद्यांच्या फौजेत होते, वडील मिलमध्ये, आणि ते स्वतःही मिल बंद पडेपर्यंत तिथेच कामाला होते. बैठकीनंतर आठवड्याभरानं मी तिथे जाऊन थडकलो. हा माणूस आहे तरी कोण, हे मला जवळून पाहायचं होतं. सबब म्हणून मी त्याच रस्त्यावरच्या एका दुकानातून कात्री विकत घेतली आणि त्यांच्यापुढे ठेवली.

"हिला काय झालं?"

"कापत नाही नीट."

त्यांनी एक चिंधी घेतली आणि सर्रकन कापली. कात्रीच्या दांडीला दुकानदारानं बांधलेला दोरा तसाच होता. तो त्यांनी पाहिला. मीही तेव्हाच पाहिला.

"कैंची तर आजचीच दिसते," ते म्हणाले. "असू द्या. बसा. चहा घ्या. कशाला आलात ते चहानंतर सांगा. नाही सांगितलं तरी काही बात नाही."

ते हसले असते तर मी त्यांना माफ केलं असतं. ते हसले नाहीत. मी स्टुलावर बसताना माझ्या पायाकडे बघत म्हणाले, "डावा गुडघा सांभाळा, मास्तर. वळताना टाच उचलत नाही तुम्ही. त्या दिवशी स्टेजवर पाहिलं मी." तो गुडघा कित्येक वर्षं दुखत होता आणि दोन डॉक्टरांनी त्यावर मलमं दिली होती. मी दुसऱ्या दिवसापासून गुपचूप टाच उचलायला लागलो. महिन्याभरात दुखणं थांबलं. हेही मी त्यांच्याच खात्यावर मांडून ठेवलं.

कात्री त्यांनी ठेवून घेतली होती. "नवीला पण एक हात मारून देतो," म्हणाले होते. ती आणायला जाताना मी मुग्धाला बरोबर नेलं, हे मात्र फार चुकलं. ती तेव्हा बारा वर्षांची होती. माझ्या क्लासमधली सगळ्यात तयार मुलगी, आणि नुकतंच जिल्ह्यात सुवर्णपदक घेऊन आलेली. ती दुकानापुढे नुसती उभी होती, तर जगदाळे हातातलं काम थांबवून म्हणाले, "वा! काय पाय आहेत!"

"म्हणजे?" मुग्धा म्हणाली.

"म्हणजे जमिनीवर आहेत. लोकांचे नसतात."

परतताना स्कूटरवर मागून आवाज आला, "बाबा, मला यांच्याकडे लाठी शिकायचीय." मी होकार दिला. दिलदारपणानं नाही. तिथे वर्षानुवर्षं लढत देत नाहीत, ही पोरगी महिन्याभरात वैतागून परत येईल, असा माझा हिशेब होता.

ती दीड वर्ष वैतागली नाही. रोज संध्याकाळी मी तिला बिर्ला नगरात सोडायचो आणि मिलच्या जुन्या क्वार्टर्सच्या दोन रांगांमधल्या मैदानाच्या कठड्यावर बसून राहायचो. पंधरा-वीस जण असत. मिल कामगारांची नातवंडं, दोन कॉलेजातल्या मुली, एक हवालदार, आणि हरिशंकरपुरमहून एका ऑटोतून येणारी चार मुलं. मैदानात शिरलं की जगदाळे सगळ्यांना अहोजाहो करत. बाहेर "ए परी, चप्पल घाल" आणि आत आल्यावर ऑटोतली तीच परी, वय वर्षं सात, "परीबाई, आपण डावीकडे उभ्या राहा." परीबाई मान ताठ करून डावीकडे उभ्या राहत.

त्यांच्या लढतीला पंच नसे. ज्याला काठी लागेल त्यानंच थांबून "लागली" म्हणायचं आणि एक पाऊल मागे जायचं. कोणी बाहेरून ओरडायचं नाही. बहुतेक पोरं हिंदी घरांतली. त्यांना मराठीचे दोनच शब्द येत, लागली आणि चुकलं. मी एकदा विचारलं, "पंच नाही, तर निकाल कोण देतो?"

"ज्याला लागते त्याला कळतं ना, मास्तर. अजून कोणाला विचारायचं?"

"आणि त्यानं सांगितलंच नाही तर?"

"तर मी त्याला फार लवकर उभा केला. चूक माझी."

पण मला खरा राग होता तो त्यांच्या घड्याळाचा. ते कोणाची चूक काढत नसत. पवित्रा करताना एखाद्याचं पाऊल चुकलं की ते तोंड फिरवत आणि घड्याळाला किल्ली देत बसत. सावकाश, पाच-सहा वेळा. चुकलेल्याला वाटावं, यांनी पाहिलं नाही. आता सांगायचं की दडपून पुढे जायचं, ते त्याचं त्यानं ठरवायचं. बहुतेक दडपत. काका परत वळून "हं, चालू द्या," म्हणत आणि ते पोर आणखी काही महिने पवित्र्यातच राही. पहिल्यांदा हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी कठड्यावरून उठून उभाच राहिलो. मी वीस वर्षं ओरडून ओरडून घसा बसवून घेतला होता, आणि हा माणूस नुसती पाठ फिरवून शिकवत होता.

परीबाईंनी चौथ्या महिन्यातच पवित्रा थांबवून कमरेवर हात ठेवले आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "काका, चुकलं! मेरा नहीं, पैर का चुकलं." जगदाळे खो खो हसले. त्यांना तसं हसताना मी तेव्हा एकदाच पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिच्या उंचीची छोटी काठी स्वतः तासून आणली आणि तिला एका बारा वर्षांच्या मुलासमोर उभं केलं. काठी लागली की ती इतक्या आनंदानं "लागली!" म्हणायची की मारणाऱ्यालाच वाईट वाटायचं.

आणि हवालदार. हा मुग्धाच्याच आठवड्यात आला होता. तिशीचा, उंच, देखणा गडी. एक दिवस चुकवायचा नाही. परी लढतीला उभी राहिली, पुढे मुग्धाही राहिली, त्याच्यामागून आलेले कितीतरी राहिले. हा आपला पवित्र्यात. मला त्याची दया यायची.

"त्याला का नाही हो उभं करत?" मी एकदा विचारलं.

जगदाळे जरा खिन्नच झाले. "तो कधी चुकतच नाही."

"म्हणजे चांगलंच की!"

"चांगलं कुठे? सांगत नाही, मास्तर. डावं पाऊल रोज एकाच ठिकाणी घसरतं त्याचं. रोज मी तिकडे पाठ करतो. नोकरीच अशी असेल बिचाऱ्याची, की चुकलं म्हणायची सवयच नाही. येऊ दे. येतोय ना तो."

मी ही रीत चोरायची ठरवलं. एका सोमवारी क्लासमध्ये जाहीर केलं, की यापुढे फाइट महिन्यांवर नाही. कात्यात चुकल्यावर जो स्वतःहून सांगेल त्याला फाइट मिळेल. बुधवारपर्यंत हॉलमध्ये नुसता गलका. "सर, गलती!" "सर, मेरी दो गलती!" एकानं तर काता सुरू करण्याआधीच हात वर केला. ज्यांचं काही चुकलं नव्हतं ती पोरं मुद्दाम चुकायला लागली. शुक्रवारी मी पुन्हा तीन महिन्यांवर आलो. खाली मिठाईवाल्यानं विचारलं, "सरजी, ऊपर कोई पूजा थी क्या?" तो मत्सराचा आठवडा फारच जड गेला. या माणसाचं नक्की काय चालतं आणि माझं काय चालत नाही, हेच मला कळत नव्हतं.

मुग्धाचं दीड वर्ष होत आलं होतं तेव्हाची गोष्ट. एका संध्याकाळी माझ्या स्पर्धेची मीटिंग होती म्हणून तिला आणायला तिची आई गेली. जेवायला बसल्यावर मुग्धा म्हणाली, "बाबा, उद्यापासून मी लढतीला."

"अरे वा! काय चुकलं होतं?"

ती पोळीचे तुकडे करत राहिली. मग म्हणाली, "पैंतरा नाही चुकला. मी मधेच थांबले आणि काकांना मेडलचं सांगितलं."

ते सुवर्णपदक आमच्या बाहेरच्या खोलीत काचेत टांगलेलं होतं. त्या अंतिम लढतीत मुग्धासमोर मुरार भागातली एक मुलगी होती. शेवटच्या गुणावर दोघी एकदमच आत शिरल्या. मुरारच्या मुलीचा ठोसा मुग्धाच्या बरगडीवर आधी लागला, मग मुग्धाचा तिला. दोन पंच आले नव्हते म्हणून एका कोपऱ्यात झेंडा घेऊन मी बसलो होतो. स्वतःच्या मुलीच्या लढतीत बापानं बसू नये हे सगळ्यांना माहीत होतं. पण आमच्याकडे असं चालून जातं. मी मुग्धाच्या बाजूचा झेंडा वर केला.

"बाबा, मला आधी लागली होती. मी बोलले नाही. आज अचानक वाटलं, की हे नाही सांगितलं तर पुढे काही येणारच नाही मला."

मला त्या क्षणी लाज वाटायला हवी होती. लाज नंतर वाटली. आधी जे वाटलं ते वेगळंच होतं. मी म्हणालो, "मग हे आधी मला का नाही सांगितलंस? त्या माणसाला जाऊन सांगितलंस?"

मुग्धानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, अगदी साधं.

"तुम्हाला तर माहीतच होतं ना, बाबा."

त्या रविवारी ती आईबरोबर मुरारला गेली आणि पदक त्या मुलीला देऊन आली. काचेतला खिळा मात्र बरेच दिवस तसाच होता. मी येता-जाता त्याच्याकडे बघायचो आणि दर वेळी मला घड्याळाला किल्ली देणारे जगदाळेच दिसायचे. माझ्या पोरीनं आयुष्यातली सगळ्यात अवघड गोष्ट सांगितली होती, आणि ती ऐकणारा मी नव्हतो.

त्याच महिन्यात मी ते केलं.

खाली मिठाईच्या दुकानात परीची आई भेटली. कचोरी बांधून घेत होती. सहज म्हणून तिनं विचारलं, मुग्धा कशी आहे, लढत कशी चाललीय. मी म्हणालो, "चाललीय. पण जरा ध्यान ठेवा हं भाभी. बिर्ला नगरात कोणाचं तरी बोट मोडलं म्हणे. काठीच ती. आणि पंच तर तिथे नसतोच." बोट खरंच मोडलं होतं. पण ते माझ्याच क्लासमधल्या एका मुलाचं, बिर्ला नगरच्या रस्त्यावर गाडीच्या दारात सापडून. मी खोटं बोललो असं कोणाला म्हणताच आलं नसतं, इतक्या बेतानं बोललो. आठ दिवसांत हरिशंकरपुरमची ऑटो बिर्ला नगरला जायची थांबली. चारांतली दोन मुलं माझ्याकडे आली. परी ना तिकडे गेली, ना माझ्याकडे आली.

जगदाळ्यांनी मला कधी काही विचारलं नाही. मी मुग्धाला सोडायला जात राहिलो. एवढंच, की मैदानाच्या भिंतीला सगळ्या काठ्या टेकवून ठेवलेल्या असत, त्यांत परीची ती छोटी काठी तशीच असे. दर पंधरवड्याला जगदाळे सगळ्या काठ्यांना तेल लावत. तिलाही लावत. मी कठड्यावरची माझी जागा बदलली, म्हणजे ती दिसू नये.

वर्षं गेली. मुग्धा शिकून पुण्याला नोकरीला गेली. तिकडेही ती सकाळी पवित्रा करते. माझं बिर्ला नगरला जाणं थांबलं, मत्सर तेवढा घरबसल्या चालू राहिला. गावात कोणी "जगदाळेकाका" म्हटलं की मी विषय बदलायचो. मग गेल्या पावसाळ्यात त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. दुकान बंद झालं. मुग्धाचा रोज फोन, "बाबा, जाऊन या ना. माझ्यासाठी तरी जा." दसऱ्यानंतर एका संध्याकाळी मी गेलो.

मैदान तसंच होतं. जगदाळे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते, उजवा हात मांडीवर ठेवलेला. समोर दहा-बारा जण पवित्रा करत होते. त्यांत हवालदारही होता. कानशिलं पांढरी झालेली, पोट थोडं सुटलेलं, आणि अकरा वर्षांनंतरही पवित्र्यातच.

"या, मास्तर." जीभ जड झाली होती, पण शब्द कळत होते. "गुडघा?"

"बरा आहे. कधीचाच बरा आहे."

"टाच उचलता मग."

मी हो म्हणालो. तेवढं मान्य करायलाही मला अकरा वर्षं लागली. बाजूच्या कठड्यावर बसलो. मुग्धाचं सांगितलं, नोकरी, पुणं. ते ऐकत होते. मग एकदम म्हणाले, "एक बोलायचं होतं तुम्हाला. राहूनच गेलं दर वेळी. मुग्धा माझ्याकडे आली ना, तेव्हा पाय घेऊन आली. ते पाय तुमचे. लोक म्हणतात, जगदाळ्यांनी तयार केली. मी गप्प राहतो. मला छान वाटतं ना ऐकायला. पण इतकी वर्षं शिकवतोय, असे पाय मला कोणाला देता नाही आले. तुम्ही वरच्या हॉलमध्ये, फरशीवर, तीन महिन्यांत देऊन टाकता. जळायचो मी तुमच्यावर, मास्तर. खूप." ते थांबले. दम लागला होता. मग डावा हात छातीला लावून म्हणाले, "लागली."

अकरा वर्षं ज्याच्यावर जळलो, तो माझ्यावर जळत होता. आणि त्यातही पुढे निघून गेला, कारण सांगून मोकळा झाला. मी भिंतीकडे पाहिलं. छोटी काठी तिथेच होती, तेलानं काळी झालेली.

त्यांनीही तिकडे पाहिलं. "परीबाई आता कॉलेजात जाण्याइतक्या झाल्या असतील," म्हणाले. आणि मग अगदी हळू, "ते बोट कोणाचं मोडलं होतं हो, मास्तर? मला काही समजलंच नाही. मी सगळ्यांची बोटं मोजली होती."

त्यांना माहीत होतं. किती वर्षं माहीत होतं कोण जाणे. विचारण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. त्यांनी मला नुसतं उभं केलं होतं. एकच शब्द म्हणायचा होता. बिर्ला नगरातली हिंदी पोरं म्हणतात तो, सात वर्षांची परी कमरेवर हात ठेवून म्हणाली तो. तोंडापर्यंत आला होता.

"कुठेतरी ऐकलं होतं बुवा," मी म्हणालो. "आता याद नाही."

जगदाळ्यांनी तोंड फिरवलं. डाव्या मनगटावर ते घड्याळ होतं. उजवा हात किल्लीकडे जायला निघाला, मांडीवरून दोन बोटं उचलला आणि परत पडला. घड्याळ केव्हाच बंद पडलेलं होतं. तरी ते त्याच्याकडे बघत राहिले, बराच वेळ, मला पुरेसा वेळ मिळावा म्हणून.

मी तो वेळ घेतला नाही. "बरं, येतो," म्हणालो.

"या अधूनमधून," ते म्हणाले. मग मैदानाकडे वळून, "हं, चालू द्या."

मी स्कूटरपाशी पोचलो तोच मागे आवाज थांबले. काठ्यांचे, पायांचे, सगळे. वळून पाहिलं तर पोरं जागच्या जागी उभी होती आणि मधोमध हवालदार काठी खाली करून उभा होता. डावं पाऊल तिरकं पडलेलं, आणि तो त्याच्याकडे असा बघत होता की जणू ते आजच त्याला दिसलं.

"काका," तो म्हणाला. "चुकलं. रोज चुकतं... रोज इसी जगह."

जगदाळे खुर्चीवरून उठायला लागले. दोन मुली धावल्या, त्यांनी हातानंच नको म्हटलं. भिंतीशी जाऊन डाव्या हातानं एक काठी घेतली, पाय ओढत मैदानाच्या मधोमध गेले, आणि त्या धिप्पाड माणसासमोर उभे राहिले. अंग एका बाजूला कललेलं होतं, पण पाय जमिनीवर होते.

"या हवालदारसाहेब," ते म्हणाले. "उभे राहा."

हवालदार रडत होता आणि हसत होता. दोन महिन्यांनी जगदाळे गेले. त्यानंतर मला ते दिसतात ते असेच, माझ्याकडे पाठ करून, डाव्या हातात काठी धरून दुसऱ्या कोणाची तरी वाट बघत उभे. त्या संध्याकाळी मी स्कूटर सुरू न करता तिथेच थांबलो होतो. अकरा वर्षांत पहिल्यांदाच माझा मत्सर जगदाळ्यांवर नव्हता. तो त्या हवालदारावर होता.